शाळकरी डोकं आणि बलुत्याचा वस्तरा

जून उजाडला, शाळेची घंटा जवळ आली, की शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाडच्या सलूनमध्ये एकच सूचना दिवसभर ऐकू येते : बारीक करा. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकलेली असते, फळीवर पहिलीत जाणारं पोर बसवलेलं असतं, आणि मागे उभा असलेला बाप किंवा आजोबा यापलीकडे काहीही सांगत नाही. कारागीरही विचारत नाही. कानावरून आणि मानेवरून मशीन फिरतं, वर बोट-दीड बोट केस राहतात, पुढे कपाळ मोकळं होतं. यात निवड अशी काही केली जाते, असं कुणाच्या मनातही येत नाही. लहान मुलाचे केस बारीक असावेत, म्हणजे धुवायला सोपे, उवा नाहीत, विंचरायची कटकट नाही; सोयीची गोष्ट, तिला कसला आलाय इतिहास? मला मात्र वाटतं की ही सोय फार जुनी नाही, आणि ती सोय म्हणून जन्मालाही आली नाही. शिरोळसारख्या तालुक्यात मुलाच्या डोक्याला हा आकार आला तो दोन कारणांनी. न्हाव्याची मजुरी धान्यातून रोख पैशात आली, आणि निरनिराळ्या जातींची मुलं एका बाकावर बसू लागली. स्वच्छतेचं कारण त्यावर नंतर चढवलं गेलं.

आधी बलुत्याकडे पाहू. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकामुळे ही व्यवस्था मराठी वाचकाला बरीच ठाऊक आहे. न्हावी हा बलुतेदार. त्याची धोपटी घेऊन तो दारात येई, ओसरीवर किंवा झाडाच्या सावलीत बसे. धोपटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, पाण्याची वाटी आणि हातात मावेल एवढा आरसा. हजामतीखेरीज लग्नकार्यात निरोप पोचवणं, अंग रगडणं, मशाल धरणं ही कामंही त्याच्याकडे. या सगळ्याचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे, आणि तो घरटी ठरलेला असे, डोक्यागणिक नव्हे. या व्यवहाराचा मुलांच्या केसांशी थेट संबंध आहे. घरात तीन मुलगे असले काय नि पाच असले काय, बलुतं तेवढंच. त्यामुळे न्हाव्याच्या दृष्टीने शहाणपण एकच : बापाची हजामत झाली की त्याच बैठकीत पोरांच्या डोक्यावरून ओला वस्तरा फिरवायचा आणि पुढच्या दाराला जायचं. कात्रीने वरचे केस सारखे करत बसायला वेळ लागतो, उजेड लागतो, पोर एका जागी बसावं लागतं. वस्तऱ्याला यातलं फारसं काही लागत नाही. इकडे घरमालकालाही केस बारीक ठेवून फेऱ्या वाचवण्याचं कारण नव्हतं, कारण फेरी वाचली म्हणून पायलीभर जोंधळा काही वाचत नव्हता.

यावर कुणी म्हणेल, वस्तऱ्याने गोटा केला म्हणजे तर बारकाईचा कळसच झाला. मग बारीक केस नवे कसे? फरक असा की वस्तऱ्याची हजामत ही केस कमी करण्याची रीत नव्हती, डोक्यावर काहीतरी लिहिण्याची रीत होती. जावळ काढायचं ते कुलदैवताच्या दारात, जोतिबाच्या डोंगरावर किंवा आपापल्या देवाच्या ठिकाणी, मामाच्या मांडीवर बसवून. त्यानंतर कुठे शेंडी, कुठे भोवती घेरा, कुठे नवसाची बट राखलेली. कुणाच्या मुलाची शेंडी किती जाड, कुणाचा घेरा केवढा, यावरून घर ओळखू येई. वारांचं बंधन वेगळंच : शनिवार नको, अमावास्या नको, जन्मवार नको, आणि नृसिंहवाडीच्या दत्ताचा शेजार असलेल्या, भोजनपात्राचं देऊळ गावातच असलेल्या शिरोळला गुरुवारही टाळणारी घरं असायचीच. शिवाय घरात कुणी गेलं तर पुरुषांनी केस उतरवायचे. म्हणजे पूर्ण गोट्याचाही अर्थ ठरलेला होता, सुतक किंवा नवस. याच तालुक्यात जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे, आणि मुनींचा केशलोच म्हणजे हाताने केस उपटून काढणं हा तिथे पुष्कळांनी पाहिलेला विधी. ज्या प्रदेशात केसांचं असणं, नसणं, किती असणं या प्रत्येकाला अर्थ आहे, तिथे काहीच न सांगणारं डोकं ही मोठी नवी गोष्ट ठरते. आजचा शाळकरी कट नेमकं हेच करतो. तो शेंडी दाखवत नाही, सुतक दाखवत नाही, शौकही दाखवत नाही.

असं मुकं डोकं हवंसं का वाटू लागलं, याचं उत्तर माझ्या मते शाळेत आहे. शिरोळ गाव कोल्हापूर संस्थानात होतं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यावीत असा हुकूम निघाला. कागदावरचा हुकूम आणि वर्गातली बसण्याची जागा यांत अंतर राहतं, हे उघड आहे. तरी एवढं झालं की ज्या मुलांची डोकी आजवर वेगवेगळ्या ओसऱ्यांवर, वेगवेगळ्या नियमांनी उतरत होती, ती एका छपराखाली शेजारी शेजारी आली. आणि इथे एक कटू गोष्ट आठवावी लागते. गावचा न्हावी अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावत नसे. ती हजामत त्या वस्तीतल्याच कुणीतरी करायची. म्हणजे शाळेने जी मुलं एकत्र बसवली, त्यांची डोकी एकाच वस्तऱ्याखाली येऊ शकत नव्हती. या नकाराला कायद्याने गुन्हा ठरवायला १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा यावा लागला, ज्यात सेवा नाकारणंही धरलं गेलं. शाळा आणि वस्तरा यांच्यामध्ये छत्तीस वर्षं गेली. कुरुंदवाड तर तेव्हा पटवर्धनांचं स्वतंत्र संस्थान. नृसिंहवाडीच्या नदीसंगमाच्या अलीकडे-पलीकडे दोन राजवटी, दोन तऱ्हा. आज तो सगळा एक तालुका आहे, आणि पोरांची डोकी सगळीकडे सारखी आहेत.

शाळेने जुनी खूण पुसण्याचं कारण दिलं, पण नवा आकार दिला तो पैशाने. कोल्हापूर ते मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली. पुढे शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने वसवलेलं जयसिंगपूर या रेल्वेच्या कडेला बाजारपेठ म्हणून वाढलं. बाजारपेठेत बलुतं चालत नाही. दुकानाचं भाडं रोख, साबण रोख, आरसा रोख. मग कटिंगही रोख. खेड्यातलं बलुतं लगेच संपलं नाही, पुष्कळ ठिकाणी स्वातंत्र्यानंतरही चालत राहिलं. पण उसाचा पैसा आला, साखर कारखाने उभे राहिले, तसा न्हावीही धान्याच्या वाट्यापेक्षा ‘केशकर्तनालया’ची पाटी पसंत करू लागला, आणि त्याला दोष कसा द्यावा? खळ्यावर पदर पसरून उभं राहण्यापेक्षा संत सेना महाराजांच्या तसबिरीखाली गिऱ्हाइकाला खुर्ची देणं केव्हाही मानाचं.

आणि रोख व्यवहार सुरू होताच बापाचा हिशेब उलटला. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडे अधिक वाढतात. कान झाकायला किती वाढ लागते हे गृहीत धरलं, तर जितके बारीक कापाल तितके दिवस पुढची कटिंग लांबते. बलुत्यात ज्या काटकसरीला काही मोल नव्हतं, ती आता थेट खिशात दिसू लागली. ‘बारीक करा, म्हणजे महिनाभर बघायला नको’ ही सूचना रोख मजुरीखेरीज निघूच शकत नाही. पण मग सरळ गोटा का नाही? तो तर सर्वांत स्वस्त! इथे जुने अर्थ आडवे येतात. गोटा केलेलं पोर शाळेत गेलं की मास्तर विचारणार, घरात कोण गेलं? की जावळ राहिलं होतं? म्हणून केस ठेवायचे, पण विधीची शंका येणार नाही आणि पैसा वाया जाणार नाही एवढेच. बोटभर केसांचा हा मध्यबिंदू काटकसर आणि अपशकुन यांच्या ओढाताणीतून ठरला आहे. हाताने दाबायचं मशीन आणि पुढे विजेचं मशीन आलं, तेव्हा हे काम पाच-दहा मिनिटांवर आलं आणि कारागिरालाही परवडू लागलं.

दुसरं एक मत ऐकू येतं : हे सगळं साहेबाचं अनुकरण. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. इंग्रजी शिकलेल्यांनी शेंडी टाकून केस राखले, भांग पाडला, हे खरं. आणि त्यावरून घराघरांत धुसफूस झाली हेही खरं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त श्यामने वाढवलेले केस वडिलांना खपत नाहीत आणि आई त्याला मोह सोडायला सांगते, तो प्रसंग कोकणातला असला तरी त्या पिढीतल्या कुठल्याही गावाला ओळखीचा वाटावा. पण नीट पाहिलं तर साहेबी केस म्हणजे राखलेले, वाढवलेले केस होते. श्यामवरचा आरोप केस ठेवल्याचा आहे. आजचा शाळकरी कट याच्या उलट टोकाचा. मग कुणी पलटणीकडे बोट दाखवतो : कोल्हापूर भागातले जवान सुटीवर घरी येत, त्यांच्यावरून ‘मिल्ट्री कट’. किंवा तालमीकडे : शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलं त्या मुलखात पैलवानाचं बारीक डोकं रुबाबाचं, तांबड्या मातीत लोळणाऱ्याला केस हवेतच कशाला. या दोन्हींनी कटाला नाव दिलं, प्रतिष्ठा दिली, बापाला सांगायला शब्द दिला. पण तालीम शाळेच्या कितीतरी आधीची आहे, आणि तालमीत न जाणाऱ्या वाण्याच्या, कोष्ट्याच्या, कुलकर्ण्याच्या मुलाने पैलवानासारखे केस तेव्हा कापले नव्हते. उन्हाळ्याचं कारणही असंच लंगडं. कृष्णाकाठचा वैशाख शिवकाळातही तापतच असणार.

राहतं ते आरोग्याचं कारण, आणि ते सर्वांत वजनदार आहे. शाळेत प्रार्थनेनंतर नखं आणि केस तपासले जातात, उवा-लिखा ही खरीच अडचण आहे, डोक्याला डोकं लागलं की उवा जातात, आणि आखूड केसांत त्या लवकर दिसतात. हे सगळं मान्य. पण हेच कारण मूळ असतं तर पहिली कात्री मुलींच्या केसांवर चालली असती. उवा मुलींच्या केसांत जास्त, विंचरायला वेळ मुलींना जास्त, सकाळी चुलीपुढची आई फणी घेऊन बसते ती मुलीच्याच मागे. तरीही मुलीला खोबरेल तेल चोपडून, दोन घट्ट वेण्या घालून, लाल रिबिनीने त्या वर बांधून शाळेत पाठवलं गेलं. सीताफळाच्या बियांची पूड लावण्यासारखे डोळ्यांना धोक्याचे उपाय झाले, पण कात्री आली नाही. एकाच घरातला भाऊ सोयीसाठी बारीक आणि बहीण गैरसोयीसकट लांब, हा भेद आरोग्याच्या कुठल्याही हिशेबात बसत नाही.

तो बसतो दुसऱ्या हिशेबात. बाईचे केस काढणं म्हणजे वैधव्य. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांत विधवेच्या डोक्यावरून न्हाव्याचा वस्तरा फिरे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी हे काम करणार नाही असं जाहीर केलं, ही सत्यशोधक चळवळीतली फार मोलाची घटना. ज्याचा हात ते काम करतो त्यानेच तो आखडता घेतला. (गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली तीही याच वर्षी आणि याच लोखंड्यांच्या खटपटीने. आज बाप पोराला रविवारी सलूनमध्ये नेतो, त्यात या माणसाचं दुहेरी देणं आहे.) कुणी विचारेल, मराठा, लिंगायत, जैन शेतकऱ्यांत विधवेचं केशवपन सर्रास नव्हतं, मग त्यांच्या मुलींना ही भीती का? कारण खूण एका जातीची असली तरी ती वाचता सगळ्या गावाला येते. न केलेल्या विधीचीही सावली पडते, आणि मुलीच्या बाबतीत ती लग्नाच्या बाजारापर्यंत लांबते.

या भागात त्याहून दाट सावली आणखी एक आहे, जटेची. कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्माची भक्ती खोलवर रुजलेली. मुलीच्या केसांत गुंता झाला, तेल-मळ-घामाने तो चिकटला, की ती देवीची हाक समजायची. जट कापली तर कोप होईल म्हणून तिला हळद-कुंकू लावून वाढू द्यायचं, आणि पुढे कित्येक मुलींना देवीला सोडायचं. शाहू महाराजांनी १९२० साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, तरी प्रथा चालू राहिली. गडहिंग्लजसारख्या ठिकाणी १९७० च्या दशकात देवदासींची चळवळ उभी करावी लागली, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अलीकडच्या काळातही घरोघरी समजूत घालून जटा कापत आले आहेत. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गठ्ठा, त्याच्या ओझ्याने मान दुखते, आत उवा होतात, झोप लागत नाही. ज्या मुलीचे केस वेळच्या वेळी कानाच्या पाळीपर्यंत कापले जातात तिला जट येऊच शकत नाही. म्हणजे सोयीच्या आखूड केसांची खरी, आयुष्य वाचवणारी गरज जिथे होती, तिथेच त्यांना मनाई होती. आणि जिथे प्रश्न फक्त महिन्याच्या कटिंगच्या पैशांचा होता, तिथे ते बिनबोभाट रूढ झाले. स्वच्छतेने हा कट घडवला असं म्हणणाऱ्याने एवढ्याचं उत्तर द्यावं.

मुलींसाठी फट पडली ती सिनेमातून, आणि तीही कपाळापुरती. १९६० च्या दशकात साधना कटची झुलपं गावोगाव पोचली. पुढचे केस आखूड, मागची वेणी जशीच्या तशी. खुणेला धक्का न लावता हौस भागवण्याची ही युक्ती मोठी चलाख होती. बॉबकट आणि बॉयकट शहरात आधी, डॉक्टर-प्राध्यापकांच्या घरांत आधी, आणि खेड्यात ‘वयात येईपर्यंत’ या अटीवर आले. मुलांच्या बाजूला सत्तरच्या दशकात कान झाकणारा बच्चन कट आला, तेव्हा शाळांनी जो आरडाओरडा केला त्यात आरोग्याचा शब्द क्वचितच असावा. तक्रार वळणाची होती. आजही तीच आहे. बाजूला मशीनने रेघ ओढलेला, वर तुरा ठेवलेला कट घेऊन आलेल्या मुलाचे केस पुरेसे बारीक असतात, त्याच्या कानामागे उवेला लपायला जागा नसते, तरी त्याला वर्गाबाहेर उभं केलं जातं. कुठे कुठे शिक्षकच कात्री हातात घेतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींची मनाई केली आहे, आणि भर वर्गात मुलाचे केस कापणं हे त्यात मोडत नाही असं म्हणायला मला तरी जागा दिसत नाही.

म्हणून पहिलीतल्या मुलाला फळीवर बसवताना पालकांनी खुशाल बारीक सांगावं; कट वाईट नाही, स्वस्त आहे, पावसाळ्यात केस लवकर सुकतात. मात्र गोटा केला की केस दाट येतात हा समज सोडून द्यावा. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, वस्तरा वरून फिरतो. कापलेलं टोक बोथट असल्याने केस जाड वाटतात इतकंच. मानेची कड वस्तऱ्याने ओढणार असतील तर पातं नवं घालायला लावावं. गेल्या काही दशकांत बदलत्या पात्याची चाल पडली, ती या धंद्यातली सर्वांत उपयोगी सुधारणा आहे. आणि फळीवर बसायची पाळी धाकट्या बहिणीची असेल, तर ‘बारीक करा’ म्हटल्यावर कारागीर अजूनही थांबतो, आरशातून पालकांच्या तोंडाकडे पाहतो आणि विचारतो : किती? घरी विचारलंय ना?